प्रकाशाचा वादक

चित्रकार प्रकाश दाखवितो तो रंगांनीं. खरा प्रकाश त्याच्या हातीं येत नाहीं. तोच हातीं धरून त्याची स्वतंत्र कला उभारावी, ह्या वेडापायीं ज्यानें आयुष्य वेंचलें, त्या टॉमस विल्फ्रेडचें नांव श्रोत्यांपैकीं थोड्यांच्याच कानीं असेल.

हा मूळचा डेन्मार्कचा. जन्म १८८९ चा. १९०५ सालीं सिगारची पेटी, विजेचा लहानसा दिवा आणि रंगीत कांचेचे तुकडे एवढ्या सामग्रीवर त्यानें प्रयोग आरंभिले. तो ल्यूट हें तंतुवाद्य वाजवून जुनीं गाणीं गात असे. १९१६ मध्यें तो अमेरिकेस गेला, व १० जानेवारी १९२२ रोजीं न्यूयॉर्क येथें त्यानें आपल्या 'क्लाव्हिलक्स' यंत्राचा जाहीर प्रयोग केला. ह्या वाद्यांतून स्वर निघत नसे. पडद्यावर प्रकाशाच्या आकृति उमलत, वळत आणि विरून जात.

अमुक स्वराचा अमुक रंग, असें कोष्टक मांडणारे त्याच्या पूर्वींही होते. विल्फ्रेडला तें मान्य नव्हतें. १९२६ मध्यें स्टोकोव्हस्कीच्या वाद्यवृंदास त्यानें प्रकाशाची साथ केली खरी. पण आपली कला, जिला तो 'लुमिया' म्हणे, ती मूकच असावी हा त्याचा आग्रह. तो योग्यच म्हटला पाहिजे. कान रमला कीं डोळा आळसावतो.

पुढें वादकावांचून चालणाऱ्या पेट्या त्यानें केल्या. आंत दिवे, वांकविलेले धातूचे आरसे व रंगविलेलीं चक्रें. प्रकाश मागून पडद्यावर पडे. चक्रें लहान मोटरींनीं संथपणें फिरत, आणि ग्यानबाची मेख अशी कीं त्यांच्या फेऱ्यांचा काळ सारखा नसे. सारीं एकदम मूळ जागीं केव्हां येतील, हा शाळेंतल्या लघुतम साधारण विभाज्याचाच प्रश्न ! त्याच्या १६१ व्या कृतीपुरतें त्याचें उत्तर १ वर्ष, ३१५ दिवस, १२ तास असें आहे.

न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयानें १९४२ मध्यें त्याची एक कृति घेतली. १९५२ च्या तेथील प्रदर्शनांत तो पोलॉक व रॉथको ह्यांच्या पंक्तीस बसला. १९६८ सालीं तो वारला. चित्र भिंतीवर टिकून राहतें. ह्या पेट्यांचे दिवे जळून जातात, मोटरी झिजतात, आणि त्या जातीचा दिवा मिळेनासा झाला कीं कृति आंधळी होते. छायाचित्र घ्यावें तर गतीच हरपते. नवा दिवा बसवावा तर छटा बदलते. मग ती कृति विल्फ्रेडची कीं दुरुस्त करणाराची? आज उरलेल्या कृति चाळिसांच्या आंतच आहेत. २०१७ सालीं येल विद्यापीठाच्या कलादालनानें त्यांपैकीं कांहीं अंधारांत मांडून पुन्हा चालू केल्या. १६१ वी त्याआधींच, २०११ मध्यें, 'ट्री ऑफ लाइफ' ह्या चित्रपटांत असंख्य लोकांनीं पाहिली. ती कोणाची हें त्यांतल्या किती जणांनीं विचारलें असेल?