ऱ्हाइनचं माहेर, गोदेचं सासर

नाशिकच्या लोकांना द्राक्षांबद्दल सांगणं म्हणजे पंढरपुरात जाऊन विठ्ठलाची ओळख करून देण्यासारखं आहे. तरीही आज मी एका परक्या द्राक्षाबद्दल बोलणार आहे. त्याचं नाव रीसलिंग. पांढऱ्या वाइनचं हे जर्मन वाण. वाइन हे मद्यच आहे आणि ते प्यावं असं सांगायला मी आलेलो नाही. पण नाशिक जिल्ह्यात वाइनची द्राक्षं हे अनेक घरांचं पीक आहे, म्हणून हा विषय न पिणाऱ्यांचाही आहे.

रीसलिंगची सर्वांत जुनी लेखी नोंद १४३५ सालची, जर्मनीतल्या र्‍युसेल्सहाइम गावची. ऱ्हाइन आणि मोझेल या नद्यांचे काठ हे तिचं माहेर. मोझेलच्या उभ्या चढांवर, आपण शाळेत पाटी वापरायचो त्याच जातीच्या दगडाच्या कपच्यांत तिच्या वेली उभ्या असतात. दिवसा तापलेला दगड रात्री वेलीला ऊब देतो. थंड हवेत घड सावकाश पिकतो, ऑक्टोबर उजाडतो. त्यामुळे गोडी भरली तरी आंबटपणा टिकून राहतो. या दोहोंचा तोल हीच रीसलिंगची ओळख. बाटलीवर काबिनेट, श्पेटलेझे, आउसलेझे यांतलं कोणतं नाव येणार, तेही काढणीच्या वेळी द्राक्ष किती पिकलं होतं, त्यावरून ठरतं.

आता नाशिककडे या. मोझेल साधारण ५० अंश अक्षांशावर, आपण २० वर. तिकडे वेल हिवाळाभर झोपते. इकडे ती झोपतच नाही, म्हणून आपण एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता गोडी छाटणी करतो. आपलं द्राक्ष हिवाळ्यात पिकतं. उन्हात घडातलं आम्ल झपाट्याने कमी होतं. ते राखते ती डिसेंबर-जानेवारीतली रात्रीची थंडी. निफाडला पारा उतरला की बातमी होते. खाण्याच्या द्राक्षाचे मणी त्या कडाक्यात तडकतात, पण वाइनच्या द्राक्षाला गार रात्र मानवते.

राजीव सामंत यांनी १९९०च्या दशकात गंगापूर धरणाच्या परिसरात वाइनची द्राक्षं लावली. २००० साली ‘सुला’ची पहिली वाइन आली आणि २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं. पुढे ‘सुला’ने नाशिकची रीसलिंगही बाजारात आणली. पण इथे अधिक रुळली ती शेनिन ब्लां आणि सोव्हिन्यों ब्लां ही फ्रेंच वाणं. रीसलिंगचा घड गच्च असतो. अवकाळी पावसाचं पाणी आत अडकलं की कूज धरते.

हा धोका शेतकऱ्याचा आहे. खाण्याच्या द्राक्षाला एक व्यापारी नाही तर दुसरा मिळतो, नाहीतर बेदाणा करता येतो. वाइनचं द्राक्ष बारीक, बियांचं. त्याला वायनरी हे एकच दार. २००८-०९च्या सुमारास मागणी घसरली, वायनऱ्यांत साठा पडून राहिला आणि कित्येकांनी वाढवलेल्या वेली उपटून टाकल्या. वेल लावणं हा पंधरा-वीस वर्षांचा संसार आहे. तो नुसत्या नावाच्या मोहाने मांडू नये. माती, पाऊस आणि लेखी करार, तिन्ही पाहून मांडावा.

राहिला प्रश्न जेवणाचा. जर्मनीत रीसलिंग नदीतल्या माशाबरोबर, आंबवलेल्या कोबीबरोबर घेतात. तिखटावर जहाल मद्य किंवा तुरट लाल वाइन घेतली तर तोंडाची आग वाढते. किंचित गोड, आंबटसर आणि सौम्य रीसलिंग ती निववते. यात आपल्याला नवं काही नाही. आमटीत चिंच-गूळ घालणारी आपली आजी हेच करत होती. तळलेली सुरमई, कोथिंबीर वडी, साबुदाणा वडा यांच्याशी तिचं जमतं. काळ्या मसाल्याच्या झणझणीत मटणापुढे ती हरवते आणि श्रीखंडापुढे नुसती आंबट लागते.

नाशिकची रीसलिंग मोझेलसारखी लागत नाही, अशी तक्रार कधी ऐकू येते. ती तशी लागणारही नाही. सासरी आलेली मुलगी इथलं पाणी पिऊन इथलीच होते. तिला माहेरच्या मापाने मोजण्यापेक्षा, इथल्या मातीत ती किती तग धरते आणि तिला वाढवणाऱ्याच्या हाती काय पडतं, ते आधी पाहू या.