आक्काची सही



आज आम्ही पोथीतले ज्ञान सांगावयास उभे राहिलो नाही. आमच्या घरची गोष्ट सांगतो. ती ऐकून आपण आम्हांस बोल लावलात तर आम्ही निमूटपणे ऐकू.

१९७२ च्या दुष्काळात आईवडील व आक्का सरकारी कामावर खडी फोडीत. आम्ही धाकटे, म्हणून शाळेत. मिलोची लाल भाकरी घशाखाली उतरेना, तेव्हा आक्का आपल्या वाटचा गुळाचा खडा आम्हांस देई. त्याच खडीच्या ढिगावर बसून आम्ही तिला तिचे नाव लिहावयास शिकविले. तेवढेच तिला लिहिता येते. पुढे तिच्या अंगाला हळद लागली, तेव्हाही हातांवरचे घट्टे दिसत होते.

थोरले दादा मुंबईस गिरणीत होते. १९८२ च्या संपात गिरणी सुटली व ते ट्रंक घेऊन गावी आले. १९९० साली वडिलांनी तोंडी वाटप करून दिले आणि हातभर बांधावरून आम्हा भावांचे बोलणे तुटले. विहीर एक, पाळ्या दोन! आक्का मात्र दिवाळीस येई ती दोन्ही चुलींवर जेवून जाई.

१९९४ साली आपल्या राज्याने मुलींस वडिलार्जित जमिनीत वाटा दिला. परंतु आधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने त्यांसही मुलाइतकाच हक्क मिळाला. २००९ साली वडील वारले. एकोणीस वर्षे न बोलणारे आम्ही दोघे भाऊ त्या महिन्यात एकाच जीपमध्ये बसून आक्काच्या दारी गेलो.

हक्कसोडपत्र पुढे केले. तिने एवढेच विचारले, "माहेरची वाट राहील ना रे?" मग आम्हीच शिकविलेल्या अक्षरांत सही केली. आम्ही तिला साडीचोळी केली. सावकाराने लुबाडले असे आपण सभांतून म्हणतो. हा कागद मात्र आम्ही आपल्याच हाताने केला. आपल्यापैकी किती जणांच्या सातबाऱ्यावर बहिणीचे नाव आहे? हात वर करू नका. आम्हांसही करता येणार नाही.

आक्का आता विधवा आहे. गेल्या सुगीत आली, तेव्हा भुईमूग किती झाला म्हणून तिने विचारले. बरोबर आणलेली पिशवी तिने घडी करून पदराखाली धरली होती. आम्ही ती भरून दिली. रात्री झोप आली नाही.

तिचा वाटा तिच्या नावे करावा असे आम्ही दादांस विचारले आहे. ते अजून काही बोलले नाहीत. आमच्या हिश्शापुरता कागद मात्र आम्ही लिहावयास टाकला आहे.