पाहणें आणि दाखविणें

एखादी सुंदर वस्तु दृष्टीस पडली कीं ती दुसऱ्यास दाखवावी, ही इच्छा मनुष्याइतकीच जुनी आहे. अंगणांतलें मूल आईचा पदर ओढून तिला चंद्र दाखवितें, त्यांत गैर कांहींच नाहीं. फरक पडला आहे तो क्रमांत. पूर्वीं पाहणें आधीं आणि दाखविणें मागून, अशी रीत असे. आतां खिशांतील यंत्रानें या दोन्ही क्रिया एकाच क्षणीं आणून बसविल्या आहेत, आणि पुष्कळदां दुसरीनें पहिलीस घराबाहेर काढलें आहे.

नागपूरकरांना याचें उदाहरण शोधण्यास लांब जावयास नको. ३१ डिसेंबर २०२४ या दिवशीं, वर्षाअखेरच्या सुटीच्या गर्दींत, उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यांत एफ-२ या नांवानें ओळखली जाणारी वाघीण आपल्या पांच बछड्यांसह वाटेवर आली, आणि पर्यटकांच्या गाड्यांनीं दोन्ही बाजूंनीं तिची वाट अडविली. त्या प्रसंगाचें चित्रण समाजमाध्यमांवर पसरलें, आणि गंमत अशी कीं त्या चित्रणानेंच अडविणारांना उघडें पाडलें. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें जानेवारी २०२५ मध्यें या प्रकाराची स्वतःहून दखल घेतली. गाड्यांचे चालक व मार्गदर्शक यांचें निलंबन झालें.

वाघीण पांच पिलांसह समोर यावी, हें भाग्य एखाद्यास जन्मांत एकदां लाभावयाचें. श्रोत्यांपैकीं ज्यांनीं जंगलाकडे कान दिला असेल त्यांना माहीत आहे कीं वाघ दिसण्यापूर्वीं तो ऐकूं येतो. आधीं चितळाची भेदरलेली हांक, मग वानराचें खोंकल्यासारखें ओरडणें, आणि नंतर एकाएकीं पडलेली शांतता. मग पिवळ्या गवतांत कांहीं तरी हलतें. आईच्या पुढें धांवणारें एक धीट पिलूं, मागें रेंगाळणारें दुसरें, आणि वळून पाहणारी ती. चार बोटें रुंदीच्या पडद्यांत यांतलें फारसें मावत नाहीं. आणि जें मावतें तें याहून चांगलें टिपलेलें, ज्यास हवें त्यास घरबसल्या मिळतें. गाडी पुढें घालण्याची घाई वाघासाठीं क्वचितच असते. शेजारच्या गाडींतल्या माणसाला जें चित्र मिळालें तें आपणास मिळालें नाहीं, हें शल्य तिच्यामागें असतें.

ताडोबा-अंधारी व्याघ्रप्रकल्पानें २०१८ च्या अखेरीसच पर्यटकांच्या मोबाइलवर बंदी घातली होती. नोव्हेंबर २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंहि व्याघ्रप्रकल्पांच्या गाभा क्षेत्रांतील पर्यटनांत मोबाइल वापरूं देऊं नये, असा निर्देश दिला. हे नियम वाघांसाठीं आहेत हें खरें. परंतु त्यांचा लाभ पाहणाराच्याहि पदरांत पडतो.

मग दोष सारा यंत्राचाच कीं काय? तसें म्हणणें सोपें आहे, पण तें न्यायाचें नाहीं. अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांनीं कांहीं विद्यार्थ्यांना एका कलासंग्रहालयांत फिरविलें. २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाप्रमाणें, ज्या वस्तूंचीं छायाचित्रें घेतलीं त्या विद्यार्थ्यांना कमी आठवल्या, नुसत्या पाहिलेल्या अधिक आठवल्या. मात्र वस्तूचा एखादाच भाग जवळ आणून टिपला तेव्हां स्मृति उणावली नाहीं. उलट २०१६ मध्यें डील, झाउबरमन व बाराश या संशोधकांनीं असें दाखविलें कीं छायाचित्र घेणारास पुष्कळ प्रसंगीं अनुभवाची गोडी अधिकच वाटते, कारण त्याचें लक्ष समोरच्या वस्तूंत गुंततें. पुढें याच मंडळींनीं दोन हेतु वेगळे काढले: चित्र स्वतःजवळ ठेवावयाचें, कीं समाजमाध्यमावर घालावयाचें. दुसऱ्या हेतूनें चित्र घेणारांचा आनंद कमी भरला. आपण लोकांना कसे दिसूं, ही चिंता मध्यें शिरली होती. तेव्हां कॅमेरा बराचसा निर्दोष सुटतो. खरा अपराधी तो न दिसणारा प्रेक्षक.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं नागपुरांत निघणारी मारबतीची मिरवणूक घ्या. काळी मारबत, पिवळी मारबत आणि त्यांच्या जोडीस चालू घडामोडींची रेवडी उडविणारे बडगे. ही नुसती पाहण्याची गोष्ट नव्हे. घरांतली रोगराई, पीडा घेऊन जा, असें मारबतीस ओरडून सांगावयाचें असतें, आणि तें स्वतःच्या गळ्यानें सांगावें लागतें. हात उंचावून मोबाइल धरणारा मनुष्य ओरडूं शकतो खरा, पण ओरडत नाहीं. आपलाच आवाज चित्रणांत येईल, ही त्याला धास्ती. त्याच गर्दींत एखादा नातू, जिना उतरवत नसलेल्या आजीसाठीं दोन मिनिटांचें चित्रण घेत असतो. त्यास कोण नांवें ठेवील? त्याच्या प्रेक्षकाला चेहरा आहे, आणि ती घरीं वाट पाहत आहे.

दाखविण्यास उशीर झाला म्हणून अनुभव नासत नाहीं. वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनीं १८५७ च्या धामधुमींत झांशी पाहिली. त्यांनीं ती हकीकत लिहून काढली ती सुमारें पंचवीस वर्षांनीं, आणि ती छापली गेली १९०७ मध्यें. स्मरण चुकतें, हें मान्य. तरी त्या पुस्तकांतील तहान आणि भय आजहि वाचकाच्या अंगावर येतें.

याच नागपुरांत १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं लाखों अनुयायांसह बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. त्या पांढऱ्या वस्त्रांच्या जनसागरांत कॅमेरा हातीं असलेले किती थोडे असतील! तरी तो दिवस घराघरांत सांगितला गेला: कोण किती वाट तुडवून आलें, शिदोरी कोठें सोडली, गर्दीच्या कोणत्या कडेला उभें राहून काय ऐकूं आलें. सांगणारांनीं तो दिवस आधीं पुरता जगून घेतला होता, म्हणूनच नातवंडांपर्यंत पुरेल इतकें सांगणें त्यांच्याजवळ उरलें.

घरची मंडळी जंगलांत किंवा फुटाळ्याच्या काठीं निघालीं, तर मोबाइल एकाच्याच हातीं असावा आणि बाकीच्यांचे पिशवींत राहावेत, एवढी तोड सहज निघण्यासारखी आहे. चित्रांची वांटणी रात्रीं जेवणें आटोपल्यावर करावी. आणि चित्रें उघडण्यापूर्वीं, ज्याच्या हातीं मोबाइल नव्हता त्या धाकट्यास विचारावें कीं, बाळ, तुला काय दिसलें?