मोठ्यांचे शिकणे आणि गावाचे भले



 प्रौढ शिक्षणावर बोलणार म्हटल्यावर एका मित्राने विचारले, "हा विषय सरकारी खात्याचा. साहित्य संघाचा त्याच्याशी काय संबंध?" त्याला मी म्हटले, सभेला ये, तिथेच सांगतो. तो आला आहे, म्हणून आता सांगणे भाग आहे.

सुरुवात एका कागदापासून करतो. सहा वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतल्या एक मावशी दारात आल्या. "मास्तर, हे काय आलंय बघा की जरा," म्हणाल्या. मी चष्मा लावून कागद हातात घेतला. तो कन्नडमध्ये होता. माझा जन्म बेळगावचा, मी मराठीचा एम. ए., बत्तीस वर्षे शाळेत मराठी शिकवलेली. पण त्या कागदावरच्या तारखेपलीकडे मला एक अक्षर वाचता आले नाही. मावशींना तर मराठीही वाचता येत नव्हते. त्या कागदापुढे आम्ही दोघेही निरक्षरच होतो. मावशी आणखी तीन घरे फिरल्या. चौथ्या घरी उलगडा झाला की, नवऱ्याच्या माघारी जमिनीच्या उताऱ्यावर वारसांची नावे चढवण्याबद्दलची ती नोटीस आहे. तोवर मुदत उलटून चार दिवस झाले होते. पुढे दीड वर्ष त्यांनी हेलपाटे घातले. पाच घरे फिरलेल्या त्या कागदाने मला या विषयाकडे वळवले.

आपल्याकडे प्रौढ शिक्षण म्हटले की अंगठ्याच्या जागी सही, एवढेच चित्र डोळ्यांपुढे येते. ज्याने सही केली त्याचा फायदा झाला, विषय संपला. परंतु जगात जिथे मोठी माणसे खरोखर शिकली, तिथे फायद्याचा मोठा वाटा शिकणाऱ्याच्या घराबाहेर पडलेला दिसतो. मूल शिकते ते वीस वर्षांनी उपयोगी पडावे म्हणून. मोठा माणूस सायंकाळी शिकलेले दुसऱ्या दिवशी सकाळी वापरतो. आणि वापरतो तो संसारात, शेतात, बाजारात, म्हणजे चारचौघांतच. याची दोन-तीन उदाहरणे आज पाहू.

पहिले उदाहरण डेन्मार्कचे, आणि ते मुद्दाम आपल्यासारख्या सीमाभागातले. निकोलाय ग्रुंट्विग (१७८३–१८७२) हे तिथले पाद्री, कवी आणि इतिहासाचे अभ्यासक. त्यांचे म्हणणे असे की, शेतकऱ्याच्या हाती उद्या राज्यकारभारातला वाटा येणार असेल, तर त्याला आपली भाषा, आपला इतिहास आणि आपला कायदा नीट समजला पाहिजे. आणि हे शिक्षण कोवळ्या वयात घोकून होत नाही, जाणत्या वयात ऐकून-बोलून होते. म्हणून अठरा वर्षांपुढच्या तरुणांसाठी निवासी लोकशाळा काढाव्यात, तिथे परीक्षा नको आणि प्रमाणपत्र नको. व्याख्यान, चर्चा, गाणी आणि सहवास हाच तिथला अभ्यासक्रम.

अशी पहिली शाळा १८४४ साली रोडिंग या गावी निघाली. हे गाव श्लेस्विग प्रांतातले. या भागातल्या शेतकऱ्याच्या घरात डॅनिश बोलली जाई. वरिष्ठ वर्गाची आणि उच्च शिक्षणाची भाषा मात्र जर्मन. आपल्या भाषेत चारचौघांपुढे उभे राहून बोलता यावे, ही त्या शाळेमागची गरज होती. १८६४ च्या युद्धात डेन्मार्क हरला, श्लेस्विग गेले, आणि रोडिंग सीमेपलीकडे पडले. पुढच्याच वर्षी तिथल्या शिक्षकांनी सीमेच्या अलीकडे, आस्कोव या गावी, शाळा पुन्हा उभी केली. नकाशावर रेघ सरकली की माणसांचे काय होते, हे या सभागृहात मी समजावून सांगायला नको. त्या लोकांनी त्या काळात आपली शाळा बंद पडू दिली नाही, एवढेच लक्षात आणून देतो. उत्तर श्लेस्विग १९२० मध्ये सार्वमताने डेन्मार्कला परत मिळाले.

या शाळा शेतीचे वेळापत्रक पाहून चालत. हिवाळ्यात काम कमी, तेव्हा तरुण शेतकरी चार-पाच महिने येऊन राहत. उन्हाळ्यात मुलींचे वर्ग भरत. पुढे १८७० नंतर अमेरिका आणि रशियातून स्वस्त धान्य युरोपात येऊ लागले आणि डॅनिश शेतकऱ्याच्या धान्याचा भाव कोसळला. तो धान्याकडून लोण्याकडे वळला. १८८२ मध्ये पश्चिम जटलंडमधल्या येडिंग गावच्या शेतकऱ्यांनी पहिली सहकारी दुग्धशाळा काढली, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी अशा दुग्धशाळा हजाराच्या घरात गेल्या. त्यांचा नियम असा की, मत माणशी एक, गायी कितीही असोत. दोन गायींवाला आणि चाळीस गायींवाला सभेत सारखेच.

कोल्हापूरच्या शेजारी राहणाऱ्या आपल्याला दूध संस्था नवीन नाहीत, आणि त्या कशामुळे मोडतात हेही आपण पाहिले आहे. दुधात पाणी आणि हिशेबात अंधार! डॅनिश लोकशाळेत लोणी काढायला कोणी शिकवत नव्हते. पण हिवाळाभर एका छपराखाली राहिलेल्या, एकमेकांचे ऐकून घ्यायला शिकलेल्या माणसांना सभा चालवता येत होती, इतिवृत्त लिहिता येत होते, आणि शेजाऱ्यावर विश्वास टाकता येत होता. श्रेय नेमके किती द्यावे यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. १८१४ च्या कायद्याने आलेले प्राथमिक शिक्षणही त्यामागे होते. तरी या दुग्धशाळांच्या पुढाऱ्यांत लोकशाळेतून आलेले अनेक जण होते, ही गोष्ट उरतेच. युनेस्कोची प्रौढ शिक्षणावरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद १९४९ मध्ये डेन्मार्कमध्येच भरली, आणि तीही एल्सिनोरला, म्हणजे आपण वाचलेल्या हॅम्लेटच्या गावी.

या शाळा पाहायला अमेरिकेतून एक तरुण डेन्मार्कला गेला होता. त्याचे नाव माइल्स हॉर्टन. परतल्यावर १९३२ मध्ये त्याने टेनेसी राज्याच्या डोंगराळ भागात 'हायलँडर लोकशाळा' सुरू केली. गोरे आणि काळे लोक एका पंगतीत जेवतील अशा जागा त्या भागात क्वचितच होत्या. ही त्यांतली एक. १९५५ च्या उन्हाळ्यात इथल्या शिबिराला रोझा पार्क्स येऊन गेल्या. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांनी माँटगोमेरीच्या बसमध्ये आपली जागा सोडायला नकार दिला, हे आपणा सर्वांना माहीत आहे.

मला आज सांगायची आहे ती गोष्ट मात्र तितकी प्रसिद्ध नाही. दक्षिण कॅरोलायना राज्यात जॉन्स आयलंड नावाचे बेट आहे. तिथे मतदार म्हणून नाव नोंदवायचे, तर राज्यघटनेतला उतारा अधिकाऱ्यापुढे वाचून दाखवावा लागे. काळ्या माणसाला मतपेटीपासून दूर ठेवायला ही अट फार सोयीची होती. बेटावरचे इसॉ जेंकिन्स स्वतःची बस चालवत आणि कामकरी लोकांना रोज सकाळी चार्ल्सटन शहरात पोचवत. बसमधल्या ॲलिस वाइन नावाच्या बाईंनी त्यांना म्हटले, मला वाचायला शिकवा, मला मत द्यायचे आहे. जेंकिन्स बसमध्येच घटनेचे कलम समजावू लागले. पण बस म्हणजे शाळा नव्हे. ते हायलँडरला गेले. तिथे सेप्टिमा क्लार्क होत्या. अनेक वर्षे शिक्षिका असलेल्या या बाईंनी काळ्या लोकांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या संघटनेचे सदस्यत्व सोडले नाही, म्हणून १९५६ मध्ये त्यांची नोकरी गेली होती.

जानेवारी १९५७ मध्ये बेटावर वर्ग सुरू झाला. पुढे किराणा दुकान आणि मागच्या खोलीत वर्ग, अशी मांडणी केली, म्हणजे बाहेरच्याला संशय नको. शिकवायला नेमल्या बर्निस रॉबिन्सन. त्या केशभूषा आणि शिवणकाम करणाऱ्या. कधी कोणाला शिकवलेले नाही. हे मुद्दाम केले होते. सराईत शिक्षक मोठ्या माणसालाही मुलासारखे वागवतो, अशी हॉर्टन आणि क्लार्क यांची धास्ती होती. बत्तीस वर्षे मास्तरकी केलेल्या मला हे वाचताना अंमळ लागले, पण खोटे म्हणवले नाही. पहिल्या रात्री चौदा प्रौढ आले. बर्निसबाईंनी लहान मुलांची पुस्तके आणली होती, ती बाजूला ठेवली आणि विचारले, तुम्हाला काय शिकायचे आहे? कोणाला आपले नाव लिहायचे होते, कोणाला मुलाचे पत्र वाचायचे होते, कोणाला टपालाने माल मागवण्याचा फॉर्म भरायचा होता. मग हे फॉर्म, ही पत्रे आणि शेवटी घटनेचे कलम, हेच पाठ्यपुस्तक झाले. हिवाळ्याचे दोन-तीन महिने, आठवड्यातून दोन रात्री. वर्ग संपल्यावर त्यातली माणसे जाऊन मतदार झाली.

ही माणसे शिकली आणि थांबली नाहीत. त्यांनी शेजारच्या बेटांवर माणसे पाठवली. १९६१ पासून मार्टिन ल्यूथर किंग यांच्या संघटनेने हे वर्ग दक्षिणेतल्या अनेक राज्यांत नेले. शिकवायला पुन्हा शेतकरी, शिवणकाम करणाऱ्या बाया, नाभिक अशीच माणसे. १९६५ च्या मतदान हक्क कायद्याने दक्षिणेतल्या अशा राज्यांतली ती वाचनाची अटच उठली.

इथे क्षणभर थांबावे असे वाटते. वाचनाची अट अन्यायाची होती, हे त्या लोकांना पुरेपूर ठाऊक होते. पण अट अन्यायाची आहे म्हणून आम्ही वाचायला शिकणार नाही, असे ते म्हणाले नाहीत. आणि वाचता आले म्हणून अट न्यायाची झाली, असेही त्यांनी मानले नाही. त्यांनी वर्गही चालवला आणि लढाही.

आपल्या देशातलेही एक उदाहरण सांगतो. आंध्रातल्या नेल्लोर जिल्ह्यात १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहीम चालली. वाचनपाठांत दारूने बुडालेल्या संसाराची गोष्ट होती. दुबगुंटा गावच्या बायकांनी ती रात्रीच्या वर्गात वाचली, तिच्यावर बोलल्या, आणि गावात येणारी दारू अडवली. वणवा जिल्हाभर, मग राज्यभर पसरला. १९९३ च्या ऑक्टोबरात सरकारला अरकावर बंदी घालावी लागली. पुढे १९९५ ची पूर्ण दारूबंदी दोन वर्षांत सैल झाली, हेही खरे. पण ज्या बायका एरवी वेगवेगळ्या चुलींपुढे रडल्या असत्या, त्या एका कंदिलाभोवती बसल्या म्हणून बोलू शकल्या. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली, तिचे मोल इथे कळते.

आता आपल्या गावाकडे येतो. कडोली, उचगाव, येळ्ळूर इथल्या साहित्य संमेलनांना आपण जातो. शेतकरी, बाया, पोरे मांडवात दिवसभर बसून व्याख्यान आणि कविता ऐकतात. ग्रुंट्विगने हे पाहिले असते तर त्याला ते ओळखीचे वाटले असते. म्हणून माझ्या मित्राला उत्तर असे की, साहित्य संघ ही मुळातच मोठ्यांची शाळा आहे. आपण तिच्याकडे त्या नजरेने पाहत नाही, इतकेच.

आणि म्हणून मी एक मागणी करतो. संघाच्या मागच्या खोलीत, सुगी आटोपल्यावर, आठवड्यातून दोन सायंकाळी दोन वर्ग भरावेत. एक मराठी वाचनाचा. तो मावशींसारख्यांसाठी, आणि आपल्याच घरांतल्या पस्तिशीच्या मुला-सुनांसाठीही. ती इंग्रजी आणि कन्नड माध्यमांतून शिकली. मराठी बोलतात, पण आजोबांची पत्रे त्यांना वाचता येत नाहीत. दुसरा वर्ग कन्नड लिपीचा, तुमच्या-माझ्यासाठी.

दुसऱ्या वर्गाचे नाव काढताच काही कपाळांवर आठी पडली, ती मला दिसली. एका ज्येष्ठ स्नेह्यांनी मला आधीच बजावले आहे, "आज लिपी शिकाल, उद्या मागणी सोडाल." त्यांनी या मागणीसाठी लाठ्या खाल्ल्या आहेत, त्यांच्यापुढे मी कोण? तरी नम्रपणे सांगतो. मराठीत कागद मिळावा ही मागणी तिच्या जागी आहे आणि ती माझीही आहे. पण मावशींच्या कागदावरची मुदत आपल्या मागणीसाठी थांबली नाही.

मी स्वतः एकसष्टाव्या वर्षी ती लिपी शिकलो. गुरू होती शेजारच्या घरातली चौथीतली मुलगी. वर्णमाला आपलीच, क ख ग घ त्याच क्रमाने. ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व ओ एवढे जादा. अडीच महिन्यांत पाट्या आणि नोटिसा वाचता येऊ लागल्या. भाषा अजून कच्ची आहे. पण रविवारी सकाळी माझ्या कट्ट्यावर पाच-सहा जण कागद घेऊन येतात. गुरूचे आजोबा माझे उच्चार सुधारायला येऊन बसतात. पंचवीस वर्षे त्यांच्याशी माझा नमस्कारापलीकडे संबंध नव्हता. आता मागल्या उन्हाळ्यात पाण्याच्या टँकरसाठी गल्लीचा अर्ज आम्ही दोघांनी मिळून दोन्ही भाषांत लिहिला. मावशी सही करतात आणि बसची पाटी वाचतात. एका माणसाच्या अडीच महिन्यांतून गल्लीला एवढे मिळाले.

जागा आहे, खुर्च्या आहेत, दिवाही आहे. ज्यांना शिकायचे आहे आणि ज्यांना शिकवायचे आहे, त्यांनी जाताना चिटणीसांच्या वहीत नाव लिहावे. कन्नडच्या वर्गात शिकणारा म्हणून मी माझे नाव आधीच दिले आहे.