परत फिरणाऱ्याला मान द्या





नागपूर हे शहर विमानांच्या भेटीगाठींचं आहे. 1949 साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली, तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्री इथल्या सोनेगाव विमानतळावर एकत्र यायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करायची आणि सकाळपर्यंत आपापल्या शहरी परतायची. उड्डाण प्रशिक्षक, देखभाल अभियंते, शिकाऊ वैमानिक आणि त्यांच्या पालकांच्या या संमेलनात आपल्यालाही अदलाबदल करायची आहे, ती आपापल्या चुकांची.

या अदलाबदलीची निकड आपण सारे जाणता. एप्रिल 2017 मध्ये गोंदियाचं एक प्रशिक्षण विमान वैनगंगेच्या पात्रावर ताणलेल्या तारेला धडकून कोसळलं. 18 मार्च 2023 रोजी गोंदियाच्याच बिरसी विमानतळावरून उडालेलं विमान बालाघाटच्या डोंगराळ जंगलात पडलं. दोन्ही वेळी शिक्षक आणि विद्यार्थी दोघेही गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बारामती परिसरात चार दिवसांत दोन प्रशिक्षण विमानं कोसळली. गेलेल्या सर्वांना मी या व्यासपीठावरून आदरांजली वाहतो.

मित्रहो, वैमानिकाला तार दिसते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. तिच्यापासून वाचवते ती फक्त उंची. आमच्या विदर्भातला उन्हाळाही असाच न दिसणारा धोका आहे. समुद्रसपाटीपासून साधारण हजार फुटांवरचं आमचं विमानतळ मे महिन्यातल्या 45 अंशांच्या दुपारी विमानाच्या लेखी जवळपास पाच हजार फुटांवर जातं. हवा विरळ होते, इंजिनाची ताकद घटते, धाव लांबते, चढण मंदावते. 110 अश्वशक्तीच्या सेस्ना 152 मध्ये दोघं जण आणि भरलेल्या टाक्या घेऊन सकाळच्याच हिशेबाने दुपारी निघणं, ही चूक चाकं जमिनीवर असतानाच घडलेली असते.

आणि उतरतानाचं ते शेवटचं वळण! विमान धावपट्टीच्या रेषेबाहेर जातं. विद्यार्थी घाईने रडर दाबतो, नाक वर ओढतो. वेग घटतो, एक पंख आधी स्टॉल होतो आणि विमान गिरकी घेतं. पाचशे फुटांवर सावरायला उंचीच उरत नाही. खरं तर रेष चुकली त्याच क्षणी पूर्ण थ्रॉटल देऊन गो-अराउंड करणं, एक फेरी मारून पुन्हा येणं, एवढंच पुरेसं होतं. मग मुलं ते का करत नाहीत?

कारण परत फिरणं म्हणजे नापास होणं, असं त्यांच्या मनात बसलेलं असतं. व्यावसायिक परवान्यासाठी 200 तास भरायचे असतात, घरी कर्जाचे हप्ते सुरू असतात, बॅचमधले सोबती पुढे गेलेले असतात. अशा मुलाला ‘आज हवा बरोबर वाटत नाही, मी उडत नाही’ असं म्हणायला फार धीर लागतो. तो धीर त्याला आपणच द्यायला हवा.

म्हणून स्वागताध्यक्ष या नात्याने माझी कळकळीची विनंती आहे. प्रशिक्षकांनी गो-अराउंड करणाऱ्या विद्यार्थ्याची सर्वांसमोर पाठ थोपटावी. संस्थाचालकांनी रद्द केलेल्या उड्डाणाचा जाब विचारू नये आणि थोडक्यात टळलेल्या अपघाताची माहिती विनानाव, विनाशिक्षा एकमेकांना कळवावी. अपघाताची चौकशी दोषी ठरवण्यासाठी नसून पुढचा अपघात टाळण्यासाठी असते, हे तत्त्व जगाने मान्य केलं आहे. टळलेल्या अपघातालाही तेच लागू करू या. आणि पालकांनो, रात्री फोनवर ‘किती तास झाले?’ एवढंच विचारू नका. ‘आज नाही उडालो’ असं लेकराने सांगितलं, तर ‘बरं केलंस’ म्हणा.

 व्यवस्थेत काही उणं राहिलं तर सांभाळून घ्या. चर्चेत मात्र एकमेकांना सांभाळून घेऊ नका. जे चुकलं ते मोकळेपणाने मांडा.