पिलांच्या पोटातले विरजण

मंडळी, खुडूक कोंबडीखाली निघालेले पिलू आठवा. ते आईमागे उकिरडा उकरते, टोची मारते. आईच्या पोटातले चांगले जंतू असे त्याच्या पोटात जातात. ब्रॉयलरचे पिलू यंत्रात निघते. त्याला आई कुठली? मग वाईट जंतू आधी घर करतात, हगवण लागते.

पेन्शनीत निघाल्यावर आम्ही २०० पिले आणली. आठवड्यात ३१ गेली. मास्तर शिकलेले, पण हे ठाऊक नव्हते!

१९७३ साली फिनलंड देशात नुर्मी आणि रांताला यांनी मोठ्या कोंबड्यांच्या आतड्यातले जंतू पिलांना देऊन पाहिले. त्या पिलांत साल्मोनेला हा वाईट जंतू सहज शिरेना.

असे चांगले जंतू खाद्यातून देतात, त्याला प्रोबायोटिक म्हणतात. दह्यातल्या जंतूंचे भाऊबंदच त्यात असतात. प्रीबायोटिक म्हणजे त्या जंतूंचा दाणागोटा. कोंबडीला तो पचत नाही, जंतूंना पचतो.

आपण कढत दुधात विरजण घालतो का? नाही. तसेच हे कढत पाण्यात घालू नये. टीसीएल टाकलेल्या पाण्यातही नको. त्याने जंतू मरतात.

पूर्वी वाढीसाठी कोलिस्टिन औषध खाद्यात घालीत. माणसाच्या जिवावरच्या दुखण्यात तेच लागते, म्हणून २०१९ साली सरकारने ते कोंबड्यांना बंद केले.

आणि खाली तूस कोरडे हवे. आमचे एकदा भिजले, तेव्हा विरजण देऊनही पिले हगलीच.