जोडीदार बदलताना



मी नांदेडला बॅडमिंटन शिकवते, त्यातही दुहेरी जास्त. दरवर्षी जून उजाडला की एखादी मुलगी एकटीच कोर्टवर येते आणि सांगते, "मॅडम, ती आता येणार नाही." ती म्हणजे हिची जोडीदार. ती नीटच्या क्लासला तुमच्या लातुरात आलेली असते, कधी तिच्या वडिलांची बदली झालेली असते, कधी लग्न ठरलेलं असतं. मग पोळ्याच्या सुमारास सांगायला आलेली ही मुलगीही दिसेनाशी होते. पहिली का गेली, ते मला कळतं. दुसरीला तर खेळ सोडायचा नव्हता. हातात खेळ आहे, आवड आहे, घरून नाही म्हणत नाहीत. फक्त शेजारी कोणी नाही. आज मी तिच्यासाठी बोलणार आहे.

जोडीने खेळायच्या खेळांत मला सगळ्यात कठीण वाटतो तो आईस डान्स. आपण तो मोबाइलवरच बघतो. एक मुलगा, एक मुलगी, बुटांना पोलादी पाती, आणि संगीताच्या ठेक्यावर बर्फावरून सरकत नाचायचं. 1976 पासून तो हिवाळी ऑलिंपिकमध्ये आहे. जोडीदारणीला हवेत भिरकावणं त्यात बसत नाही. दोघं एकमेकांच्या किती जवळून आणि किती एकसारखं सरकतात, यालाच मोल. एका पायावर गरागरा फिरत पुढं जायचा ट्विझल नावाचा प्रकार असतो. दोघांनी तो एकाच वेळी, एकाच वेगानं करायचा. एकाचा पाय जरा अडखळला की दोघांचे गुण गेले.

अमेरिकेचा इव्हान बेट्स हा मुलगा एमिली सॅम्युएलसनबरोबर नाचायचा. 2008 मध्ये दोघं ज्युनिअर जगज्जेते झाले, 2010 मध्ये व्हँकुव्हरच्या ऑलिंपिकला गेले. त्याच वर्षी सरावात तिच्या बुटाचं पातं त्याच्या घोट्यावर आलं आणि टाचेमागचा स्नायुबंध तुटला. अपघात होता, दोष कुणाचाच नव्हता. त्याचा तो हंगाम वाया गेला आणि पुढं ती जोडीही राहिली नाही. तिकडे मॅडिसन चॉक ही मुलगी ग्रेग झुरलाइनबरोबर 2009 ची ज्युनिअर जगज्जेती. 2011 मध्ये झुरलाइननं स्पर्धा सोडल्या. म्हणजे बघा, लागोपाठच्या दोन वर्षांच्या दोन जगज्जेत्या जोड्या, आणि दोन्ही मोडलेल्या. मागं उरलेल्या चॉक आणि बेट्सनं त्याच वर्षी एकमेकांचा हात धरला.

सीनिअर गटात जगज्जेतेपद त्यांना मिळालं 2023 मध्ये, जपानमधल्या सैतामाला. बारा वर्षांनी! मध्ये रौप्य आलं, कांस्य आलं, बीजिंग ऑलिंपिकच्या वैयक्तिक स्पर्धेत चौथा क्रमांक आला. त्यानंतर मात्र 2024 आणि 2025 लाही जगज्जेतेपद त्यांचंच. आणि ज्यानं स्पर्धा सोडल्या तो झुरलाइन बर्फ सोडून गेला नाही. आज तो मिशिगनमध्ये पुढच्या जोड्या शिकवतो.

हे लांबचं झालं. आता आपल्याकडे या. मुंबईचा चिराग शेट्टी गोरेगावला उदय पवारांच्या अकादमीत शिकला. सुरुवातीला त्याचा जोडीदार होता एम. आर. अर्जुन. आंध्रातल्या अमलापुरमचा सात्विकसाईराज रंकीरेड्डी खेळायचा कृष्णप्रसाद गरगाबरोबर. टॅन किम हर या मलेशियन प्रशिक्षकानं त्या दोन्ही जोड्या सोडवल्या आणि सात्विक-चिराग एकत्र आणले. दोघांनाही मागून स्मॅश मारायची सवय. दोघंही मागं, मग नेटजवळ कोण? सात्विकला तेव्हा हिंदी जेमतेम येत होती, चिरागला तेलुगू येत नव्हती. चिराग पुढं सरकला, नेट शिकला. ज्या फटक्यावर आपलं नाव झालं तो जोडीदाराच्या हाती सोपवून स्वतः दुसरं काम अंगावर घेणं, यापेक्षा मोठा त्याग खेळात मला तरी दिसत नाही. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. 2022 ला राष्ट्रकुल सुवर्ण, 2023 ला आशियाई सुवर्ण आणि जागतिक क्रमवारीत पहिलं स्थान.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. 15 मे 2022 ला बँकॉकमध्ये भारतानं इंडोनेशियाला 3-0 हरवून थॉमस करंडक पहिल्यांदा जिंकला. त्या दहा जणांच्या संघात सात्विक-चिराग तर होतेच, पण चिरागचा जुना जोडीदार अर्जुन होता आणि सात्विकचा जुना जोडीदार कृष्णप्रसादही होता. अर्जुन आता ध्रुव कपिलाबरोबर खेळत होता, कृष्णप्रसाद विष्णुवर्धन गौडबरोबर. सहा वर्षांपूर्वी सुटलेले चौघं एकाच संघात, एकाच करंडकाभोवती. जोड्या सुटल्या तेव्हा त्या मुलांना वाईट वाटलंच असेल. पण चौघांपैकी एकही घरी बसला नाही, म्हणून हे झालं.

मुलींना सांगायचं तर तनीशा क्रॅस्टोचं सांगते. आईवडील गोव्याचे, हिचा जन्म 2003 चा, दुबईतला. मिश्र दुहेरीत ईशान भटनागरबरोबर तिनं 2022 ला लखनौची सय्यद मोदी स्पर्धा जिंकली. 2023 च्या सुरुवातीला महिला दुहेरीत तिची जोडी लागली अश्विनी पोनप्पाशी. अश्विनी तेव्हा तेहतीस वर्षांची, तनीशा एकोणीसची. ज्वाला गुट्टाबरोबर अश्विनीनं 2010 ला राष्ट्रकुल सुवर्ण आणि 2011 ला जागतिक कांस्य घेतलं, तेव्हा तनीशा प्राथमिक शाळेत होती. त्यात भर म्हणजे बॅडमिंटनच्या जागतिक क्रमवारीत दुहेरीचे गुण जोडीच्या नावावर असतात. जोडी बदलली की क्रमवारीत सुरुवात तळापासून. ज्वालानंतर सिक्की रेड्डी, सिक्कीनंतर तनीशा, अशी अश्विनी पुन्हा तळापासून चढली. वर्षभरात दोघींनी अबुधाबी आणि गुवाहाटीच्या स्पर्धा जिंकल्या आणि 2024 ला पॅरिस ऑलिंपिक गाठलं. तिथं गटातले तिन्ही सामने हरल्या, हेही सांगायला हवं.

माझे वडील कंधार तालुक्यातले शेतकरी. आमच्याकडे लाल कंधारी, तुमच्याकडे देवणी, बैलांची पारख दोन्हीकडे सारखीच. गोऱ्हा औताला शिकवायचा तर दोन गोऱ्हे एकत्र जुंपत नाहीत, जुन्या बैलाशेजारी जुंपतात. चार दिवस जुना बैल जास्त ओढतो. वडील म्हणायचे, त्या चार दिवसांत जुन्याला चाबूक लावायचा नाही. अश्विनीला खेळताना बघितलं की मला ते जू आठवतं. आपल्या कॉलेजातल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलींनी अकरावीच्या मुलीला शेजारी घ्यायला कमीपणा मानू नये, एवढंच माझं मागणं आहे.

नवा जोडीदार आला की पहिले दोन महिने वाईटच जातात, हे मी अनुभवानं सांगते. माझ्या पहिल्या जोडीदारणीचं लग्न झालं आणि मला नवी मिळाली ती डावखुरी. ती उजवीकडे, मी डावीकडे असले की दोघींचे फोरहँड मध्ये यायचे आणि रॅकेटवर रॅकेट आपटायची. जुनीबरोबर मधलं फूल कुणाचं, हे कधी बोलावंच लागलं नव्हतं. हिच्याबरोबर प्रत्येक फुलाला "माझं" किंवा "तुझं" ओरडायला लागलो. आवाज आला, मग अंदाज आला, मग ओरडायची गरज राहिली नाही. त्या काळात मी तिला एकदाही "ती असं करायची" म्हटलं नाही. आमच्या सरांची तशी सक्त ताकीद होती, आणि आज माझ्या कोर्टवर माझीही आहे.

आता जे सोडून जाणार आहेत त्यांच्याशी दोन शब्द. तुमच्यातले काही जण सवलतीचे गुण मिळेपर्यंत खेळतात आणि थांबतात. अभ्यासासाठी थांबणाऱ्याला मी बोल लावणार नाही. या शहरात मुलं कोणत्या अपेक्षा पाठीवर घेऊन येतात, ते मी पाहते. पण जाताना जोडीदाराला स्वतः सांगा, समोर बसून सांगा, आणि हंगाम सुरू व्हायच्या आधी सांगा. परस्पर मैत्रिणीकडून निरोप धाडू नका. जमलं तर नव्या जोडीदाराबरोबर एक दिवस कोर्टवर उभे राहा आणि सांगा, "हिला शॉर्ट सर्व्हिस घेताना त्रास होतो, तू पुढं राहा." याला एक संध्याकाळ लागते.

आणि पालकहो, मुलगी म्हणाली, "माझी जोडीदार गेली, आता नको," तर "बरं झालं, अभ्यास कर," असं लगेच म्हणू नका. तिला खरंच नको आहे की एकटीनं क्रीडा संकुलात जायला अवघड वाटतंय, एवढं विचारा. पुष्कळदा दुसरंच कारण असतं.

प्राचार्य सर, तुमच्या परवानगीनं एक काम सुचवते. क्रीडा विभागाच्या दाराशी एक नोंदवही ठेवा. नाव, हात डावा की उजवा, पुढं आवडतं की मागं, आणि सवड कधी, एवढंच लिहायचं. जोडीदार हवा असलेल्यानं ती चाळायची. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत दोघं एकाच कॉलेजचे लागतात, पण खुल्या स्पर्धांना ती अट नाही. म्हणून तशीच वही मी नांदेडला ठेवते आणि महिन्यातून एका रविवारी दोन्ही वह्यांतली मुलं एकत्र खेळवते, एकदा तिकडे, एकदा इकडे. नीटच्या मुलांनी तासभर येऊन गेलं तरी चालेल. तुमच्या क्रीडा संचालकांशी चहाच्या वेळी बोलणं झालंय, त्यांची तयारी आहे. बक्षिसं वाटून झाली की मी व्यासपीठाच्या डाव्या बाजूला थांबते. ज्यांना पहिल्या पानावर नाव घालायचंय त्यांनी तिथं यावं. एकटं आलं तरी चालेल.